नव्या इमारतींच्या आराखड्यांचे परीक्षण : नागरिकांचा मानसेवी सहभाग

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील रोलिंग मिलमधून बाहेर पडणारी पोलादी सळई महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतील इमारतींच्या खांबांत आणि तुळयांत जाऊन बसते. इतरांच्या घरांना आतून बळ पुरविणाऱ्या या शहरात स्वतःच्या इमारती कशा उभ्या राहतात, बांधकामाला आरंभ होण्यापूर्वी त्यांचे नकाशे कोण पाहतो आणि या कामी जाणत्या नागरिकाला काही वाटा उचलता येतो काय, या प्रश्नांचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या काळात कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील जुना जालना आणि नवा जालना ही वस्ती झपाट्याने वाढत गेली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २ लाख ८५ हजारांच्या पुढे होती. बियाणे उद्योग, पोलाद उद्योग आणि बाजारपेठ यांमुळे आसपासच्या तालुक्यांतील कुटुंबे शहराकडे येत राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी या टप्प्यात खुला झालेला समृद्धी महामार्ग शहराच्या लगत आला. २०२३ साली नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि जानेवारी २०२६ मध्ये महानगरपालिकेची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली. शहराच्या कडेच्या शेतजमिनींवर आज जे आखले जाईल, ते पुढील पन्नास-साठ वर्षे तेथे उभे राहणार आहे. कागदावरची रेघ खोडता येते. सिमेंट-काँक्रीटची भिंत सहजासहजी खोडता येत नाही.

खासगी इमारत, सार्वजनिक परिणाम

घर ज्याचे त्याचे असते हे खरे. परंतु घराची सावली शेजाऱ्याच्या अंगणात पडते, त्याचे सांडपाणी सार्वजनिक गटारात जाते, त्याच्या दारातील वाहने रस्त्यावर उभी राहतात आणि आग लागली तर ती मालकी हक्काची हद्द पाळत नाही. म्हणूनच बांधकामावर समाजाच्या वतीने नियंत्रण ठेवणे सर्वत्र आवश्यक मानले गेले आहे. आपल्या राज्यघटनेत १९९२ साली झालेल्या ७४ व्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यातील पहिले दोन विषयच नगर नियोजन आणि जमीनवापर व इमारत-बांधकाम यांचे नियमन हे आहेत. त्याच अनुसूचीत शहराच्या सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाजूंचे संवर्धन हाही विषय आहे. शहर सुरक्षित असावे आणि ते देखणेही असावे, या दोन्ही अपेक्षा घटनेने नागरी संस्थांकडून केल्या आहेत.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात या कामाचा मुख्य आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा होय. या अधिनियमाच्या कलम ४४ अन्वये बांधकाम करू इच्छिणाऱ्याने नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. कलम ४५ अन्वये प्राधिकरण परवानगी देते, अटींसह देते किंवा कारणे नमूद करून नाकारते. साठ दिवसांत निर्णय कळविला नाही आणि प्रस्ताव सर्व नियमांना धरून असेल, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. निर्णय मान्य नसेल तर कलम ४७ अन्वये चाळीस दिवसांच्या आत अपील करता येते. २ डिसेंबर २०२० रोजी शासनाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबई आणि काही विशिष्ट क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. त्यामुळे गावोगावच्या वेगवेगळ्या नियमांचा गुंता बराचसा सुटला.

नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता नकाशा तयार करतो. नगररचना विभाग त्यातील सामासिक अंतरे, चटईक्षेत्र निर्देशांक, उंची, जिना, वाहनतळ आदी बाबी तपासतो. त्यानंतर प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्यापर्यंतचे काम झाल्यावर जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र असा क्रम असतो. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील कमी जोखमीच्या घरांसाठी ही पद्धती अधिक सोपी करण्यात आली असून तेथे तांत्रिक व्यक्तीच्या स्वयंप्रमाणनावर भर आहे.

ही तपासणी अनिवार्य आहे आणि ती टाळण्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. ठाणे परिसरातील शिळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी परवानगीविना उभारली जाणारी बहुमजली इमारत कोसळली आणि ७४ जणांना प्राण गमवावे लागले. अशा ठिकाणी कोणतेही सल्लागार मंडळ उपयोगी पडले नसते, कारण जेथे नकाशाच सादर होत नाही तेथे परीक्षण कशाचे करावयाचे? तेव्हा आराखड्यांच्या परीक्षणाची चर्चा करताना परवानगी घेणे ही पहिली पायरी आहे, हे विसरून चालणार नाही.

नियमाला दिसते ते आणि न दिसते ते

नियम मोजता येण्यासारख्या गोष्टी पाहतो. अंतर किती मीटर, मजले किती, जिना किती रुंद, हे त्याला चांगले कळते. परंतु काही गोष्टी मोजपट्टीत सापडत नाहीत. एक कल्पित उदाहरण घेऊ. शहराच्या वाढत्या भागात एका भूखंडावर मंगल कार्यालयाचा नकाशा सादर झाला. रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरे, वाहनतळ, सर्व काही नियमाप्रमाणे आहे. मात्र कार्यालयाचे मुख्य प्रवेशद्वार नेमके प्राथमिक शाळेच्या फाटकासमोर काढले आहे. लग्नसराईत वरात थांबेल, बँड वाजेल, पाहुण्यांच्या मोटारी लागतील आणि त्याच वेळी शाळा सुटेल. नकाशावर शाळा ही शेजारच्या भूखंडावरील एक चौकट असते. तेथून रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाला मात्र ती शेकडो मुलांची वाट आहे हे ठाऊक असते. प्रवेशद्वार बाजूच्या रस्त्यावर नेले, तर मालकाचे काही बिघडत नाही आणि पुढचा धोका टळतो. ही गोष्ट आरंभीच सांगणारे कोणीतरी हवे, एवढेच.

आराखडा-परीक्षण मंडळाची कल्पना याच गरजेतून निर्माण झाली. नियमांची तपासणी अधिकारी करतात. त्याखेरीज इमारत आपल्या परिसराशी कशी वागेल याचा विचार काही अनुभवी नागरिक विनावेतन करतात आणि आपला सल्ला लेखी देतात. अंतिम निर्णय मात्र कायद्याने ज्याच्याकडे अधिकार सोपविला आहे, त्याचाच राहतो.

अन्यत्रचे अनुभव

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे १९१० साली ललित कला आयोग स्थापन झाला. त्याचे सात सदस्य वेतन न घेता काम करतात आणि राजधानीतील सार्वजनिक इमारती व स्मारके यांच्या आराखड्यांवर मत देतात. भारतात दिल्ली नगर कला आयोग अधिनियम १९७३ साली संमत झाला आणि १९७४ साली आयोगाचे काम सुरू झाले. राजधानीच्या नागरी व पर्यावरणीय रचनेची गुणवत्ता जपणे व वाढविणे यासंबंधी केंद्र शासनाला सल्ला देणे आणि स्थानिक संस्थांनी पाठविलेल्या प्रस्तावांची छाननी करणे ही त्याची कामे आहेत.

मुंबईत १९९५ साली वारसा-नियम लागू झाले. देशातील कोणत्याही शहरातील अशा स्वरूपाचे ते पहिले नियम समजले जातात. त्यानुसार वारसा-वास्तूंची श्रेणीवार यादी करण्यात आली आणि त्या वास्तूंमध्ये करावयाच्या बदलांबाबत महापालिका आयुक्तांना सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा संवर्धन समिती नेमण्यात आली. वास्तुविशारद, संरचना अभियंता, इतिहासाचे जाणकार अशा भिन्न क्षेत्रांतील व्यक्ती एका मेजाभोवती बसून एकाच नकाशाकडे पाहतात, हे या समितीचे वैशिष्ट्य होय.

अमेरिकेतीलच सिअ‍ॅटल शहराचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. तेथे १९९४ साली विभागवार परीक्षण मंडळे सुरू झाली. सामान्य रहिवासी, वास्तुविशारद, व्यावसायिक अशी स्वयंसेवी मंडळी त्यांवर काम करीत आणि सायंकाळच्या उघड्या सभेत शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेत. त्यातून अनेक चांगल्या सुधारणा झाल्या. परंतु पुढे पुढे सभांची संख्या वाढते, निकष संदिग्ध राहतात, बांधकाम लांबते आणि घरांचा खर्च वाढतो, अशा तक्रारी येऊ लागल्या. अखेर वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने २०२३ साली कायदा करून परीक्षणाचे निकष स्पष्ट व वस्तुनिष्ठ असावेत आणि त्यासाठी एकाहून अधिक जाहीर सभा घेऊ नयेत असे ठरविले. सद्हेतूने सुरू झालेली व्यवस्थादेखील मर्यादा न पाळल्यास घर बांधणाऱ्याच्या मार्गातील अडथळा बनते, हा धडा आपणही ध्यानात ठेवला पाहिजे.

महाराष्ट्रातील नागरिकाला उपलब्ध असलेल्या संधी

आपल्याकडे नागरिकाला या क्षेत्रात स्थानच नाही, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. कायद्यात अशा अनेक जागा आहेत. त्या माहीत नसल्याने रिकाम्या राहतात किंवा नाममात्र भरल्या जातात.

पहिली संधी विकास योजनेच्या वेळी येते. शहराची प्रारूप विकास योजना कलम २६ अन्वये प्रसिद्ध झाली की, सूचनेत दिलेल्या मुदतीत कोणत्याही व्यक्तीला हरकती व सूचना देता येतात. त्यांची सुनावणी घेण्यासाठी कलम २८ मध्ये नियोजन समितीची तरतूद आहे. तीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरील जास्तीत जास्त चार व्यक्ती असतात. या बाहेरील व्यक्तींना नगर व ग्राम नियोजन, पर्यावरण किंवा दोन्ही विषयांचे विशेष ज्ञान अथवा प्रत्यक्ष अनुभव असावा लागतो. निवृत्त अभियंता, भूगोलाचा प्राध्यापक, जलसंधारणात आयुष्य घालविलेला कार्यकर्ता अशी माणसे जिल्ह्यात आहेत. त्यांनी आपला अनुभव नगररचना विभागाच्या निदर्शनास आणून द्यावयास हवा. उद्याने, शाळा, दवाखाने, रस्ते यांच्यासाठी जमिनी कोठे राखावयाच्या हे याच टप्प्यावर ठरते. योजना मंजूर झाल्यानंतर केलेली तक्रार बहुधा निष्फळ ठरते.

दुसरी संधी वारसा-वास्तूंच्या बाबतीत आहे. अशा वास्तूंची यादी करणे आणि त्यासाठी जाणकारांची समिती असणे यासंबंधीच्या तरतुदी राज्याच्या नियमावलीतही आहेत. जालन्यात मस्तगड आहे, काळी मशीद आहे, मोती तलाव आहे आणि जुन्या पेठांतून दगडी चौथऱ्याचे, कोरीव लाकडी खांबांचे वाडे अद्याप उभे आहेत. या वास्तूंची छायाचित्रे, मोजमापे व इतिहास यांची नोंद करण्याचे काम शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक विद्यार्थ्यांच्या साह्याने करू शकतील. जे नोंदलेच नाही, त्याच्या रक्षणाचा विचार कोणतीही समिती करू शकत नाही.

तिसरी संधी प्रभाग समितीची होय. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या स्थापन करण्याची तरतूद राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-एस मध्ये आहे. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या अधिनियमानुसार त्या क्षेत्रात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांमधील जास्तीत जास्त तीन व्यक्तींना अशा समितीवर नामनिर्देशित करता येते. २०११ च्या गणनेत जालना शहराची संख्या या मर्यादेपेक्षा साडेचौदा हजारांच्या आसपास कमी होती. पुढील गणनेत शहर ही मर्यादा ओलांडील असे दिसते. तेव्हा त्या जागांवर बसण्यास योग्य अशी माणसे आतापासूनच तयार व्हावयास हवीत.

याखेरीज महापालिकेला आपल्या स्वतःच्या इमारतींसाठी एखादे सल्लागार मंडळ नेमावयाचे झाल्यास त्याची सुरुवात लहान प्रमाणावर करता येईल. शाळा, दवाखाने, भाजी मंडई, वाचनालये, व्यापारी संकुले या इमारती जनतेच्या पैशांतून उभ्या राहतात. त्यांचे आराखडे निविदा काढण्यापूर्वी पाच-सात जाणत्या नागरिकांना दाखविले, तर खासगी मालकाला कोणताही विलंब न होता या पद्धतीची परीक्षा होईल आणि लोकांचा विश्वासही वाढेल.

परीक्षण करताना काय पाहावे

मंडळावर बसणाऱ्या व्यक्तीने वास्तुविशारद असलेच पाहिजे असे नाही. मात्र नकाशा वाचावयास तिने शिकले पाहिजे. जमिनीचा नकाशा, उभा छेद आणि दर्शनी बाजू यांतील भेद, उत्तर दिशेची खूण आणि प्रमाण एवढे समजले, तर पुष्कळ काम होते. याशिवाय जागेवर एकदा जाऊन येणे अत्यावश्यक आहे. बंद खोलीत बसून नकाशा पाहणाऱ्याला त्या जागेतून पावसाळ्यात वाहणारा ओढा दिसत नाही. पाहावयाच्या बाबींपैकी प्रमुख अशा :

१. पाणी : जालना हा अवर्षणाशी झुंजणारा जिल्हा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात शहराने पाण्याची जी टंचाई सोसली, ती अनेकांच्या स्मरणात आहे. निजामकाळापासून शहराची तहान भागविणारा घाणेवाडी जलाशय, त्यातील गाळ काढण्यासाठी झालेला लोकसहभाग आणि पुढे पैठणहून आणलेले पाणी हा इतिहास परिचित आहे. आता पुढील हिशेब पाहावा. मंगल कार्यालयाच्या एक हजार चौरस मीटर छपरावर वर्षाकाठी ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७ लाख लिटर पाणी पडते. त्यातील ८० टक्के पाणी हाती लागले तरी ते ५ लाख ६० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे छप्पन टँकर होते. पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था नियमाने बंधनकारक आहे. परंतु नकाशातील खड्डा प्रत्यक्षात खोदला आहे काय, छपराच्या पन्हळी त्याकडे वळविल्या आहेत काय आणि गाळणीचा थर कोठे आहे, हे पाहणारी नजर हवी.

२. जिना आणि सुटकेचा मार्ग : १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली. गवताचे छप्पर आणि बाहेर पडण्याची अपुरी वाट ही तेथील हानीची प्रमुख कारणे ठरली. शाळेचा, शिकवणी वर्गाचा किंवा रुग्णालयाचा नकाशा हाती आला की, येथे आग लागली तर शेवटच्या खोलीतील मूल कोणत्या वाटेने बाहेर येईल, हा प्रश्न प्रथम विचारावा. दुसरा जिना कागदावर असूनही त्याच्या तोंडाशी सामानाची खोली दाखविली असेल, तर तो जिना नसल्यासारखाच आहे.

३. अपंग व वृद्ध व्यक्तींची सोय : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या आराखड्यास परवानगी देता येत नाही. एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार हवा, हे सोपे प्रमाण लक्षात ठेवावे. तहसील कचेरीसारख्या ठिकाणी तीन पायऱ्यांमुळे एखादा वृद्ध निवृत्तिवेतनधारक बाहेरच ताटकळतो, हे दृश्य टाळण्याजोगे आहे.

४. ऊन आणि वारा : मराठवाड्याचा उन्हाळा कडक असतो. पश्चिमेकडे मोठ्या काचा लावून नंतर वातानुकूलन यंत्रे बसविणे हे पैशाचे आणि विजेचे दुहेरी नुकसान आहे. आपल्या जुन्या वाड्यांतील जाड भिंती, मधला चौक आणि सावलीचा ओटा यांमागे शहाणपण होते. त्या रूपाची नक्कल करण्याची गरज नाही. त्यातील तत्त्व मात्र नव्या साहित्यातही साधता येते. खिडकीवर पुरेसा सज्जा आणि समोरासमोर हवेची वाट एवढ्यानेही बराच फरक पडतो.

५. रस्त्याशी नाते : दुकानांच्या पायऱ्या पदपथावर उतरतात काय, मालाची वाहने कोठे उभी राहतील, प्रवेशद्वार शाळा वा चौकाच्या तोंडाशी आहे काय, अस्तित्वातील झाडे वाचविता येतील काय, या गोष्टी परिसरातील रहिवाशालाच सर्वांत चांगल्या ठाऊक असतात.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने मराठवाड्याला जो आघात केला, त्यात सुमारे दहा हजार माणसे दगावली. भूकंपाचे बळ मध्यम होते. हानी मात्र प्रचंड झाली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे थर चढवून जड झालेले मातीचे माळवद, हे त्याचे मुख्य कारण होते. उन्हाळ्यात थंडावा देणारे घरच रात्री कुटुंबावर कोसळले. अशी घरे जालना जिल्ह्यातही आहेत. भिंतीच्या दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार जोडदगड, दारे-खिडक्यांच्या वर चारी भिंतींवरून फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा आणि छपराचे वजन कमी करणे, हे उपाय फार खर्चिक नाहीत. भारतीय मानक संस्थेने कमी बळाच्या बांधकामासाठी १९९३ सालीच स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले होते. ते गवंड्याच्या हाती आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरी पोहोचले की नाही, हा खरा प्रश्न आहे.

पुनर्वसनाच्या वेळी बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे मजबूत झाली, हे निःसंशय मोठे कार्य होते. परंतु जेथे सरळ रेषांची शहरी मांडणी आली, तेथे गुरांना गोठा, कडब्याला जागा, शेजाऱ्याला हाक मारता येईल असे अंगण यांची उणीव लोकांना जाणवली आणि पुढे त्यांनी आपल्या सोयीने पडव्या व भिंती वाढविल्या. राहणाऱ्याला आरंभी विचारले, तर इमारत त्याची होते. न विचारले, तर तो ती नंतर आपल्या परीने बदलतो आणि त्या बदलात सुरक्षिततेचा विचार असतोच असे नाही.

ग्रामपंचायतीची भूमिका

हा विषय केवळ शहराचा नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये गावाच्या हद्दीतील बांधकामावर नियंत्रण ठेवण्याची जबाबदारी पंचायतीवर सोपविण्यात आली आहे. भोकरदन, अंबड, परतूर किंवा मंठा तालुक्यातील एखाद्या गावी अंगणवाडीची, समाजमंदिराची किंवा शाळेच्या नव्या खोलीची योजना येते, तेव्हा नकाशा बहुधा ठरावीक नमुन्याचा असतो. तो जसाच्या तसा स्वीकारण्यापूर्वी ग्रामसभेत भिंतीवर लावावा. खोलीचे तोंड कोणीकडे, पावसाचे पाणी कोठे जाईल, मुलींच्या स्वच्छतागृहाला आडोसा आहे काय, विहीर वा विजेची तार किती जवळ आहे, या चार प्रश्नांची उत्तरे गावातील स्त्रिया आणि शिक्षक यांच्याकडून घ्यावीत. असा ठराव इतिवृत्तात नोंदविला, तर अभियंत्यालाही आवश्यक तो बदल सुचविणे सोपे जाते.

मानसेवी सदस्याची पथ्ये

कोणत्याही समितीचे यश तिच्या सदस्यांच्या आचरणावर अवलंबून असते. ज्या प्रस्तावात आपला, आपल्या नातलगाचा वा भागीदाराचा आर्थिक संबंध असेल, त्याच्या चर्चेतून सदस्याने स्वतः बाहेर पडावे आणि तशी नोंद करवून घ्यावी. आपली आवड म्हणजे नियम नव्हे. रंग गुलाबी हवा की पिवळा, कमान हवी की नको, अशा बाबींत मालकाचे स्वातंत्र्य मान्य करावे. नियमात नसलेली अट सक्तीची म्हणून लादण्याचा अधिकार सल्लागाराला नाही. त्याने सूचना करावी आणि सूचनेमागील कारण लिहावे. विकासक अथवा अर्जदार यांच्याशी एकांतात भेटी टाळाव्यात. सभा ठरलेल्या दिवशी व्हावी आणि साठ दिवसांच्या कायदेशीर मुदतीत तिचे मत अधिकाऱ्यांकडे पोहोचावे. सभेला गणसंख्या नाही म्हणून एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे घर पावसाळ्यापूर्वी पूर्ण होऊ नये, ही गोष्ट अक्षम्य आहे. तारखा उलटत गेल्या की मध्यस्थांचे फावते, आणि ज्या भ्रष्टतेला आळा घालण्यासाठी मंडळ नेमले, तिलाच ते नवे दार उघडून देते.

अधिकाऱ्यांनीही अशा समितीकडे अविश्वासाने पाहू नये. नगररचनाकाराला दररोज अनेक प्रकरणे निकाली काढावी लागतात. प्रत्येक जागेची सांगड त्याला एकट्याने घालणे शक्य नसते. लेखी, मुद्देसूद आणि वेळेवर मिळालेला सल्ला त्याचे ओझे हलके करतो. सल्ला स्वीकारला नाही तर त्याचे कारण एका ओळीत नोंदवावे. आपले म्हणणे वाचले गेले एवढे कळले, तरी विनावेतन काम करणारा माणूस पुढच्या सभेला उत्साहाने येतो.

समारोप

इमारत पूर्ण झाल्यावरही नागरिकाचे काम संपत नाही. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेण्याचे बंधन महानगरपालिका अधिनियमाने मालक व रहिवासी यांच्यावर घातले आहे. महानगरपालिका झालेल्या जालन्यालाही आता हे लागू आहे. जुन्या पेठांतील किती घरे या मर्यादेपलीकडे गेली आहेत, याची गल्लीनिहाय यादी करणे हेही एक उपयुक्त मानसेवी कार्य ठरेल.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या शहराच्या जुन्या वैभवाची साक्ष देते. पाळणा सोन्याचा असला तरी त्याच्या दोऱ्या पक्क्या आहेत की नाहीत, हे घरातील वडीलधाऱ्यांनी पाहावयाचे असते. नव्या शहराच्या इमारतींबाबतही हेच खरे आहे. नियम करणे हे शासनाचे काम आहे, ते लागू करणे अधिकाऱ्यांचे आहे. परंतु शाळेच्या फाटकासमोर दुसरे फाटक येत आहे, हे वेळीच सांगणे त्या वाटेने रोज जाणाऱ्याचे काम आहे. निवृत्त अभियंते, शिक्षक, पंचायत सदस्य आणि जाणत्या गृहिणी यांनी महिन्यातील एक सायंकाळ या कामाला दिली, तरी पुढील पिढीच्या घरांत, शाळांत आणि रस्त्यांत त्याचे फळ दिसल्यावाचून राहणार नाही.